दिव्यावरचा आकडा आणि आपली मर्यादा



आषाढ चौदस जवळ आली की आपण घर चातुर्मासासाठी तयार करायला घेतो. धान्य निवडायचं, डबे कोरडे करायचे, मोरीचे आणि गच्चीचे कोपरे घासून ठेवायचे, म्हणजे शेवाळ-बुरशी धरत नाही आणि अनंतकायाची विराधना टळते. पाण्याचं गळणं नवं काढायचं. हे सगळं आपल्याला आईने आणि सासूने शिकवलं. पण ही सगळी कामं जमिनीवरची आणि ओट्यावरची. छताकडे लक्ष द्यायला कुणी शिकवलं नाही, कारण त्यांच्या घरांत तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. मंगलोरी कौलं, लाकडी वासे, आणि मधोमध वायरला लटकणारा एक पिवळा बल्ब.

आता तसं राहिलेलं नाही. डहाणूपासून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डीपर्यंत नवीन घर बांधलं किंवा जुन्याची डागडुजी केली की फॉल सीलिंग येतंच. पीओपी किंवा जिप्समच्या त्या खोट्या छताला गोल भोकं पाडतात आणि त्यांत दिवे बसवतात. खालून बघितलं तर फक्त उजेडाची चकती दिसते. वायर, होल्डर, जोड सगळं वर लपलेलं. दिसायला छान, पुसायला सोपं.

या दिव्याच्या डब्यात, होल्डरजवळ, एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते किंवा पत्र्यावर छाप असतो. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त इतके वॅट. कुठे ४०, कुठे ३५, कुठे ६०. आमच्या महिला मंडळात या आकड्याबद्दल इतक्या जणींनी विचारलं की शेवटी नीट लिहायचं ठरवलं. हा आकडा कशाचा? एलईडी लावला तर तो पाळायचा का? आणि उजेड कमी पडला तर काय करायचं?

आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंमुळे आला. घरात त्यांना सगळे बा म्हणतात. वय ७८, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. स्वाध्याय मात्र एक दिवस चुकत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी चारलाच अंधारून येतं. समुद्रावरून ढग आले की सुरूच्या झाडांमागे आभाळ काळं होतं, आणि बांच्या खोलीत पुस्तकाची अक्षरं दिसेनाशी होतात. त्यांच्या खोलीच्या छतात चार दिवे आहेत, प्रत्येकावर ४० वॅटची चिठ्ठी, खाली काचेचं झाकण, आत ७ वॅटचे एलईडी. बा म्हणाल्या, "पूर्वी शंभरचा बल्ब होता, तेव्हा दिसायचं. यातही शंभरचा लाव."

दुकानदार म्हणाला, "ताई, एलईडी आहे ना, मग कितीचाही लावा." वायरमन म्हणाला, "वहिनी, तो आकडा जुन्या पिवळ्या बल्बसाठी असतो." दोघांच्या बोलण्यात थोडं खरं होतं, पण पूर्ण कुणाचंच नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की तो आकडा उजेडाचा नाही, उष्णतेचा आहे. दिवा बनवणारा त्यातून इतकंच सांगतो, की या डब्यात, या होल्डरला, या वायरला एवढीच ऊब सोसेल.

जुना पिवळा बल्ब म्हणजे आत तापून पांढरी होणारी तार. तो जेवढी वीज घेतो, तिच्या शंभरातले नव्वदहून जास्त भाग उष्णता होतात आणि उरलेला थोडा भाग उजेड. लटकणाऱ्या बल्बची ही उष्णता हवेत निघून जायची. तोच बल्ब पत्र्याच्या डब्यात, पीओपीच्या वर कोंडला की ती जायची कुठे? डबा तापतो, होल्डर तापतो, आणि होल्डरमध्ये शिरणारी वायर तापते. आपल्या घरांत जी साधी प्लास्टिकच्या आवरणाची वायर असते, ती ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेली असते. रोज त्याहून जास्त ऊब मिळाली तर आवरण कडक होतं, मग चिरतं, मग गळून पडतं. आतली तांब्याची तार उघडी पडते, आणि तीही आपल्याला न दिसणाऱ्या जागी.

हॅलोजन तर याहून तापट. त्याच्या आतल्या छोट्या कुपीची काच चालू असताना २५० अंशांच्या वर असावी लागते, नाहीतर तो नीट चालतच नाही. शिवाय छतात बसणाऱ्या पुष्कळ हॅलोजनच्या वाटीला असा मुलामा असतो की उजेड खाली येतो आणि बरीचशी उष्णता मागे सोडली जाते. खाली बसणाऱ्याला गरम लागू नये म्हणून ही सोय. पण मागे म्हणजे छताच्या पोकळीत.

माझ्या दिरांच्या डहाणूच्या फ्लॅटमध्ये असेच हॅलोजन होते. पांढऱ्या छतावर एका दिव्याभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वलय दिसायला लागलं. जाऊबाईंना वाटलं वरून पाणी झिरपतंय. दिवा उतरवला तेव्हा डब्यावर ३५ वॅट लिहिलेलं आणि आत बसवणाऱ्याने ५० चा लावलेला. वायरचं आवरण बोटाने चुरलं तर पापडासारखं तुटत होतं. त्या दिव्याच्या बरोबर खाली मुलांचा पलंग होता. आग लागली नव्हती, पण ती लागायला काय उरलं होतं, असा प्रश्न आम्हा दोघींच्या मनात एकदमच आला. म्हणून म्हणते, दिव्याभोवती तपकिरी वलय दिसलं की ते आधी पाण्याचं समजू नका. दिवा बंद करा आणि उतरवून बघा.

इथे पुष्कळ जणींचा एक समज असतो, की काही बिघडलं तर एमसीबी पडेलच. या बाबतीत तो पडत नाही. एमसीबी वायरमधून जाणारा करंट मोजतो. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतो, आणि दिव्यांच्या लाइनवर साधारण ६ अँपिअरचा एमसीबी असतो. ४० च्या डब्यात १०० चा लावला तरी त्याला काही कळत नाही. डब्यात किती तापलंय हे बघणारं तिथे कुणी नसतं. ते काम त्या चिठ्ठीवर सोडलेलं आहे, म्हणजेच आपल्यावर.

ज्यांच्या मुली अमेरिकेत आहेत त्यांनी एक गोष्ट त्यांना जरूर सांगावी. तिथे थंडीसाठी छताच्या वर कापसासारखा जाड थर पसरतात. छतातल्या दिव्यावर 'आयसी' अशी खूण असेल तरच तो थर दिव्याला टेकलेला चालतो. नसेल तर ३ इंच अंतर सोडावं लागतं. त्या दिव्यांत जास्त तापलं की आपोआप बंद करणारी कळ असते. दिवा थोड्या वेळाने स्वतःच बंद होत असेल आणि पुन्हा लागत असेल, तर बल्ब खराब आहे असं समजून तो बदलत बसू नये. आधी वॅट बघावेत. आपल्याकडे कापसाचा थर नसतो, पण वरच्या मजल्यावर ऊन लागू नये म्हणून छताच्या पोकळीत थर्माकोल टाकणारे आहेत, आणि कौलारू घरात फॉल सीलिंगच्या वर माळ्यावर जुने कपडे नि कागद ठेवणारेही आहेत. दिव्याच्या डोक्यावर यातलं काही नसावं.

आता एलईडीकडे येऊ. सरकारने ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू केली आणि एलईडी बल्ब स्वस्तात घरोघर आले. ९ वॅटचा एलईडी साधारण ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड देतो. खोक्यावर दोन्ही आकडे असतात, त्यामुळे गोंधळ होतो. चिठ्ठीशी ताडून बघायचा तो खरा वॅटचा आकडा, म्हणजे ९. '६० वॅटइतका उजेड' हे फक्त तुलनेसाठी असतं. म्हणजे ४० च्या डब्यात ९ चा एलईडी लावला तर मर्यादा मोडत नाही, आणि उजेड पूर्वीच्या साठच्या बल्बइतका मिळतो. उजेड किती हे बघायचं असेल तर खोक्यावरचे लुमेन बघा. ९ वॅटच्या बल्बवर ८०० ते ९०० लुमेन लिहिलेले असतात.

मग दुकानदार म्हणतो तसं ४० च्या डब्यात ४० वॅटचा एलईडी लावावा का? नाही. पिवळा बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढेही फेकतो. एलईडी तसं करत नाही. त्याची उष्णता मागे, होल्डरकडच्या जाड भागात साठते, आणि तिथेच त्याचं छोटं यंत्र असतं, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरमधले काही भाग उष्णतेने सुकत जातात. दर १० अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. खोक्यावर १५,००० किंवा २५,००० तास लिहिलेलं असतं ते मोकळ्या हवेतलं. झाकण लावलेल्या डब्यात मोठा एलईडी कोंडला तर तो वर्षभरात लुकलुकायला लागतो. म्हणून चिठ्ठीवरचा आकडा पिवळ्या बल्बचा असला, तरी एलईडीने तो भरून काढायचा नसतो. बंद डब्यात ७ ते ९ वॅट पुरे, आणि खोक्यावर बंद दिव्यात वापरू नये असं लिहिलेलं नाही ना, तेही बघावं.

जुने १२ व्होल्टचे हॅलोजन बदलताना आणखी एक अडचण येते. त्यांच्या मागे ट्रान्सफॉर्मरचा डबा असतो, आणि त्यातल्या पुष्कळांना चालण्यासाठी ठरावीक किमान वॅट लागतात. ५ वॅटचा एलईडी त्यावर फडफडतो किंवा लागतच नाही. अशा वेळी बल्बला दोष देऊन मोठा बल्ब आणू नका, वायरमनकडून मागचा डबाही बदलून घ्या. ज्या दिव्यात बल्ब वेगळा नसतो, सगळं एकच असतं, त्याचा ड्रायव्हर गेला तर नवा ड्रायव्हर त्याच वॅटचा आणि त्याच मिलिअँपिअरचा हवा. जोर जास्त म्हणून मोठा ड्रायव्हर लावला तर दिवाच जळतो.

एवढं समजल्यावरही आमच्या घरी खरा पेच सुटला नव्हता. बांच्या खोलीतल्या दिव्यांना झाकण होतं म्हणून उष्णता कोंडत होती. वायरमन म्हणाला, झाकणं काढून टाका, हवा खेळेल, मोठे बल्ब चालतील. पण पहिल्या पावसानंतर आमच्याकडे काय होतं ते नरपडच्या बायकांना सांगायला नको. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. दिवा लागला की पंखवाले किडे, पाखरं, चिलटं येतात. उघड्या डब्यात शिरलेला जीव बाहेर निघत नाही. सकाळी डबा उतरवला तर आत पंखांचा ढीग. ते एकदा बघितलेली बाई झाकण काढायला तयार होत नाही.

किडे दिव्याकडे का येतात, याबद्दल २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं ते असं, की उडणारा कीटक आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो, कारण लाखो वर्षं रात्रीचा जास्त उजेड आभाळातूनच यायचा. पाठ आभाळाकडे ठेवली की तो सरळ उडतो. जवळ दिवा आला की त्याचं वर-खालीचं भानच हरपतं आणि तो दिव्याभोवती फिरत अडकतो. पतंग दिव्यावर प्रेम करतो असं आपण ऐकत आलो. खरं तर तो वाट चुकतो, आणि वाट चुकवणारा दिवा आपण लावलेला असतो. हे वाचून मला बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

यावर उपाय आहेत. झाकण ठेवायचं, फटी नसतील असं. आणि दिव्याचा रंग पिवळसर निवडायचा. पांढरा एलईडी मुळात निळ्या एलईडीवर पिवळसर लेप देऊन बनवतात. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दूधपांढऱ्या दिव्यात हा निळा भाग जास्त असतो, आणि कीटकांना निळा उजेड जास्त दिसतो. खोक्यावर ६५०० केल्विन असेल तर तो पांढरा, २७०० किंवा ३००० असेल तर तो उबदार पिवळा. पिवळ्याकडे किडे कमी येतात. अजिबात येत नाहीत असं नाही, पण कमी.

म्हणजे जीवदयेसाठी झाकण हवं, आणि झाकण हवं तर वॅट कमी हवेत. आगीपासून जपण्यासाठीही वॅट कमीच हवेत. मला आधी वाटायचं की घराची सुरक्षितता एक सांगते आणि धर्म दुसरं सांगतो. इथे दोघांचं म्हणणं एकच निघालं.

वीज सचित्त की अचित्त, हा प्रश्न आपल्या संघांत जुना आहे. तेरापंथात आचार्य महाप्रज्ञजींनी तिला अचित्त मानलं. मूर्तिपूजक आणि स्थानकवासी परंपरेत ती तेउकायच मानतात, म्हणूनच प्रतिक्रमणात आपण दिवे बंद ठेवतो आणि अंगावर उजेही पडू नये म्हणून जपतो. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावं. पण डहाणूत राहणाऱ्या बाईला एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. खाडीकडे औष्णिक वीज केंद्राची चिमणी उभी आहे. २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५ च्या सुमारास सुरू झालेले. ती वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, आपल्याला महावितरणची मिळते. पण महावितरणची वीजही बरीचशी अशाच कुठल्यातरी कोळशाच्या भट्टीतून येते. बल्बमधलं तेज सचित्त की अचित्त यावर मतं वेगळी असतील, भट्टीत जळणाऱ्या आगीबद्दल तर कुणाचंच दुमत नाही.

याच तालुक्याने मर्यादा म्हणजे काय हेही बघितलंय. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. बंधनं सगळ्यांनाच आवडली असं नाही. तरी आज नरपडहून बोर्डीला जाताना दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या दिसतात, त्यामागे ही मर्यादा आहे हे नाकारता येणार नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत सातवं भोगोपभोग परिमाण. परिमाण म्हणजे मोजून ठरवलेली हद्द. रोज चौदा नियम धारणाऱ्या बहिणींना हे सांगायला नको. किती द्रव्यं खायची, किती वस्त्रं, किती आसनं, सकाळीच ठरवायचं आणि त्याच्या आत दिवस काढायचा. आठवं अनर्थदंड विरमण, म्हणजे ज्याची गरजच नाही ती हिंसा सोडणं. रिकाम्या खोलीत जळणारे आठ दिवे याच्याइतकं सरळ उदाहरण दुसरं नसेल.

हिशोबच करून बघा. दिवाणखान्यात ५० वॅटचे आठ हॅलोजन असतील तर झाले ४०० वॅट. रोज पाच तास म्हणजे २ युनिट, महिन्याला ६०. त्यांच्या जागी ७ वॅटचे आठ एलईडी लावले तर ५६ वॅट, महिन्याला साडेआठ युनिटच्या आत. पन्नासेक युनिट वाचले. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर महिन्याला तीसेक किलो कोळसा जळायचा थांबला. एका घराच्या एका खोलीतून.

आता बांच्या वाचनाचं. दिवा मोठा न करता उजेड वाढवण्याचा मार्ग शाळेच्या विज्ञानात होता. दिवा आणि पुस्तक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की पानावरचा उजेड चौपट होतो. अंतर पाव केलं तर सोळापट. छत नऊ फुटांवर, पुस्तक अडीच फुटांवर, मधे साडेसहा फूट. तेवढ्या अंतरावरून बल्ब कितीही मोठा केला तरी उजेड खोलीभर पसरतो, पानावर थोडाच येतो. आम्ही बांच्या खुर्चीशेजारी मान वळणारा वाचनाचा दिवा ठेवला. ५ वॅटचा, पिवळसर उजेडाचा, पानापासून दीड फुटावर, डाव्या बाजूने, म्हणजे डोळ्यांत चमक येत नाही आणि उजव्या हाताची सावली पानावर पडत नाही. छतातले चारही दिवे आहेत तसेच आहेत, झाकणासकट. वाचताना त्यांतला एकच लावतो. खिडकीची जाळी संध्याकाळ व्हायच्या आधी लावून घेतो. चार आणि एक मिळून पूर्ण खोली आता ३३ वॅटमध्ये भागते, आणि पाचही एकदम लावायची वेळ क्वचित येते. बा म्हणतात आता अनुस्वारसुद्धा दिसतो. शंभरच्या बल्बची आठवण त्यांनी नंतर काढलेली नाही.

तुमच्या घरी चातुर्मासाच्या आधी वायरमनला एकदा बोलवाच. मेन बंद करून प्रत्येक प्रकारचा एक तरी दिवा खाली उतरवायला सांगा आणि चिठ्ठी स्वतः वाचा. चिठ्ठी गळून गेली असेल तर अंदाज करू नका, ९ वॅटच्या आतला एलईडीच लावा. एका डब्यात दोन होल्डर असतील तर आकडा प्रत्येक होल्डरचा असतो, २ गुणिले ४० असं लिहिलेलं दिसेल. होल्डर काळवंडलाय का, वायर कडक झालीय का, बघा. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे, त्यामुळे स्प्रिंगा गंजतात आणि तांब्याच्या जोडावर हिरवी पुटं चढतात. असा सैल, गंजलेला जोड कमी वॅटलाही तापतो, म्हणून जोड घासून घट्ट करून घ्या. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे बारीक धक्के बसत आले आहेत. धक्का जाणवल्यावर आपण भिंतींच्या भेगा बघतो, तशी या दिव्यांवरही एक नजर टाकावी. सरकलेला किंवा तिरका झालेला दिवा दिसला तर तो लावू नये, आधी बसवून घ्यावा. एका लाइनवर दहापेक्षा जास्त दिवे किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, हा वायरिंगचा जुना नियम आहे. तोही वायरमनला विचारून घ्या.

डबा उतरवल्यावर आत जीवजंतू असतील तर फुंकर मारू नका, कपड्याने झटकू नका. दिवा आधी थंड होऊ द्या. मऊ पुंजणीने हलक्या हाताने एका कागदावर घ्या आणि बाहेर झाडाच्या सावलीत सोडा. मग डबा पुसा, झाकणाची फट बंद होतेय का ते बघा, आणि मगच दिवा परत चढवायला सांगा.

नव्या घराचं काम चालू असेल तर आणखी सोपं आहे. छताला किती भोकं पाडायची हे ठरवताना तुम्ही तिथे हजर रहा. काम करणारा माणूस दिसायला छान म्हणून बारा सांगतो. तुम्ही विचारा, या खोलीत कोण बसणार, काय करणार, किती वेळ? स्वयंपाक, वाचन, मुलांचा अभ्यास, तिथे उजेड जवळ हवा. बाकीकडे दोन-चार पुरतात. चौविहार करणाऱ्या घरात सूर्यास्ताच्या दोन घडी आधी जेवण आटोपलेलं असतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सहा दिव्यांची झुंबरासारखी रांग कशासाठी? जितकी भोकं कमी, तितके जोड कमी, तितके किड्यांचे सापळे कमी, आणि महिन्याच्या शेवटी बिलही कमी.

तुमच्या घरातल्या दिव्यांवर कोणता आकडा निघाला ते मला जरूर कळवा. आणि या चातुर्मासात चौदा नियम धारताना, जमलं तर, संध्याकाळच्या दिव्यांचीही एक संख्या मनात ठरवून बघा.

जय जिनेंद्र.